जीप नको, पायीच जा : वाशीमकडील एका राखलेल्या गवताळ टेकडीच्या फेरीविषयी

कारंजा आणि मंगरूळपीर यांच्या दरम्यानच्या मुलखात एका गावाने आपली ई-क्लासची टेकडी गेली दहाएक वर्षे राखली आहे, आणि त्या गावातील महिला बचत गट व चार-पाच तरुण मिळून बाहेरून येणाऱ्यांना ती टेकडी पैसे घेऊन दाखवतात. ई-क्लास म्हणजे महसुली दप्तरातील चराऊ जमीन. आमच्या वऱ्हाडात गायरान या शब्दापेक्षा हाच शब्द अधिक चालतो. सप्टेंबरच्या अखेरीस, पोळा आटोपल्यावर आणि नवरात्र बसायच्या आत, मी, माझी पत्नी आणि चिखलीचे माझे मामा असे तिघे या फेरीला गेलो. माणशी साडेपाचशे रुपयांत पहाटेचा चहा, सुमारे चार तासांची फेरी आणि दुपारचे जेवण मिळते. गावाचे नाव मी येथे लिहिणार नाही. मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत, हे त्याचे एक कारण, आणि दुसरे कारण एका पक्ष्याचे आहे, ते ओघाने पुढे येईलच. ज्यांना जायचेच आहे त्यांना त्या भागात दोन ठिकाणी विचारले की गाव सापडते.

जाहिरात काळविटाची आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या त्यांच्या पत्रकावर उडी घेणारा काळाभोर नर, त्याच्या मागे उगवता सूर्य आणि खाली ठळक अक्षरांत 'काळवीट सफारी' असे छापलेले आहे. जवळच कारंजा-सोहोळचे काळविटांसाठी राखलेले सुमारे १८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य असल्यामुळे लोकांच्या मनात या मुलखाचे नाव त्या एका प्राण्याशी जोडले गेले आहे आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र फेरी संपवून घरी परतताना आम्हा तिघांच्या बोलण्यात काळवीट जेमतेम एकदा आला आणि बाकी सारा वेळ गवताचीच चर्चा झाली. जे सर्वांत उत्तम आहे त्याचा जाहिरातीत उल्लेख नाही आणि ज्याची जाहिरात आहे तोच भाग सर्वांत कच्चा आहे, अशी ही सेवा आहे. मी तिला पाचपैकी साडेतीन गुण देतो. कापलेला दीड गुण जवळजवळ सगळा जीपच्या खात्यावर टाकावा.

पहाटे पावणेसहाला ग्रामपंचायतीसमोर जमायचे असते. तेथे आम्ही एकंदर चौदा जण होतो, आणि ही संख्या अशा फेरीसाठी जास्त आहे. निम्म्या लोकांना वाटाड्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यांच्या पायांचा आवाज तित्तिरांना अर्ध्या फर्लांगावरून ऐकू जातो. गटाकडे दुर्बिणी दोनच आहेत आणि त्यांतील एकीच्या भिंगावर बुरशीची जाळी धरली आहे. चहा मात्र उत्तम होता. आमच्या सुदैवाने चौदापैकी सहा जणांनी आधी जीपने जाण्याचे ठरवले आणि आम्ही आठ जण पायी निघालो.

आमचे वाटाडे फासेपारधी समाजातील, साठी ओलांडलेले गृहस्थ होते. गावातील तरुण त्यांना बाबा म्हणतात, म्हणून आम्हीही बाबाच म्हणू लागलो. त्यांच्या वडिलांच्या पिढीने याच टेकडीवर तित्तिर-लाव्यांसाठी फासे लावले, आणि आता तेच डोळे राखणीच्या कामी येतात. अकोला-वाशीम पट्ट्यात फासेपारधी समाजातील अनेकांनी माळावरच्या पक्ष्यांच्या रक्षणाचे काम अंगावर घेतले आहे, हे वर्तमानपत्रांतून वाचले होते; एखाद्या माणसामागून तीनएक तास चालल्यावर त्याचा अर्थ कळतो. टेकडीच्या पायथ्याशी पोचताच आमच्यातील एका तरुणाने कॅमेरा डोळ्याला लावला, तेव्हा बाबा त्याला शांतपणे म्हणाले, "भाऊ, दूर पाहू नोका. पायाखाली पाहा, मंग वर चला." संपूर्ण फेरीचे सूत्र या एका वाक्यात होते आणि त्यांनी ते शेवटपर्यंत सोडले नाही.

टेकडी मोठी नाही. काळ्या पाषाणाची, माथ्यावर मुरूम उघडा पडलेली, उतारावर वीतभर माती आणि पायथ्याला खोल काळी जमीन असलेली, आमच्याकडच्या शेकडो टेकड्यांसारखीच ती एक टेकडी आहे. परंतु मातीची जाडी जशी वरून खाली वाढत जाते तसे गवतही बदलत जाते, आणि बाबांनी आम्हाला ती चढण एखाद्या जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात तशी मोजून दाखवली. पायथ्याला मारवेल आहे. ते ओळखण्याची त्यांची रीत अशी की काडी हातात धरून पेरावर बोट फिरवायचे. तेथे बारीक पांढऱ्या केसांचे गोल कडे असते, जणू प्रत्येक पेराला कोणी लोकरीचा दोरा गुंडाळला आहे. मामांनी आयुष्यभर जनावरे पाळली आहेत आणि मारवेल त्यांनी हजारो पेंढ्या विकत घेतला असेल, पण ते कडे त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिले, असे त्यांनी स्वतःच कबूल केले. जनावर मात्र ते न पाहताच ओळखते, असेही ते लगेच म्हणाले, आणि बाबांना ते पटले.

मधल्या उतारावर शेडा आणि डोंगरी ही दोन गवते राज्य करतात. शेड्याला काही जण पवन्या म्हणतात आणि पवन्या वेगळा, शेडा वेगळा, असेही काही जण ठासून सांगतात. बाबा आणि मामा यांच्यात त्यावरून जो वाद झाला तो मी येथे सोडवू शकत नाही. शेड्याचे कणीस एकेरी, किंचित चपटे आणि हिरवट-जांभळे असते. डोंगरीच्या तुऱ्यात प्रत्येक दाण्याच्या बुडाशी तांबूस-सोनेरी केसांचा झुपका असतो, त्यामुळे कोवळे ऊन तिरपे पडले की सगळा उतार पेटल्यासारखा दिसतो. देशभरातील गवताळ भागांची पाहणी करून १९७३ साली त्यांचे जे पाच मुख्य प्रकार ठरवण्यात आले, त्यांतील द्वीपकल्पाच्या पठारावरील प्रकाराला शेडा आणि मारवेल या दोन गवतांच्याच शास्त्रीय नावांवरून 'सेहिमा-डायकॅन्थियम' असे नाव दिले आहे. म्हणजे आम्ही ज्या उतारावर उभे होतो तो त्या वर्गीकरणाचा जिवंत नमुना होता, आणि पायथ्याचा मारवेल व मधला शेडा यांच्यातील सीमा बाबा काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवू शकत होते.

उताराच्या एका वळणावर त्यांनी रुंद पानाचे एक गवत तोडून हातावर चोळले आणि प्रत्येकाच्या नाकाशी धरले. गुलाबाच्या जवळ जाणारा पण जरा तिखट असा तो वास रोशाचा, म्हणजेच तिखाडीचा होता. याच गवतापासून रोशा तेल काढतात; साबण आणि अत्तर यांच्या धंद्यात ते पामरोझा या नावाने जाते आणि त्यातील सुगंधाचा मुख्य घटक जिरेनिऑल हा आहे. वऱ्हाड, मेळघाट आणि निमाड या भागांतून हे तेल पूर्वी मोठ्या प्रमाणावर बाहेर जात असे. सुगंधामुळे जनावरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, म्हणून जेथे चराई बेसुमार होते तेथे तिखाडी माजते आणि मारवेल हटतो. एखाद्या टेकडीवर तिखाडीचाच दरवळ येत असेल तर ती टेकडी उपाशी आहे असे समजावे, हे बाबांचे निदान मला एखाद्या डॉक्टराने नाडी पाहून सांगावे तसे वाटले.

माथ्यावर पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. तेथे मुरुमात मुळे रोवून उभे असते ते कुसळी गवत. वऱ्हाडी उच्चारात 'कुसय'. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ ज्यांना चटकन दिसते अशा मंडळींनी हे एकदा जवळून पाहावे. या गवताचे दाणे पिकले की त्यांची लांब, काळपट शेपटे एकमेकांत गुंतून कणसाच्या टोकाला वेणी घातल्यासारखी दिसतात. नवीन कणसे अजून हिरवी होती, म्हणून बाबांनी बंडीच्या खिशातून चुन्याची रिकामी डबी काढली आणि तीतून गेल्या वर्षीचे एक वाळलेले कुसळ माझ्या पत्नीच्या तळहातावर ठेवले. कुसळाचे एक टोक सुईसारखे होते, त्यामागे उलट्या दिशेने वळलेले बारीक केस होते आणि पुढे दोरखंडासारखी पीळ पडलेली शेपटी गुडघ्यात वाकल्यासारखी होती. मग त्यांनी पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून त्या पिळावर एक थेंब सोडला. पाच-सहा सेकंद काहीच झाले नाही, आणि नंतर ती वर्षभरापूर्वी मेलेली काडी हळूहळू फिरू लागली. पीळ उलगडत होता आणि वाकलेले टोक घड्याळाच्या काट्यासारखे तळहातावर वर्तुळ काढत होते. पत्नीने दचकून हात मागे घेतला तेव्हा सुईचे टोक तिच्या बोटाच्या कातडीत किंचित रुतलेले होते.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो आणि कोरडे-ओले झाल्यावर वनस्पतीच्या मृत पेशी कशा आकुंचन-प्रसरण पावतात, हे फळ्यावर अनेकदा लिहिले आहे. कुसळात ओलाव्याने पीळ उलगडतो, वाळल्यावर पुन्हा बसतो, आणि दिवस-रात्रीच्या या येरझाऱ्यांत दाणा स्वतःला जमिनीत स्क्रूसारखा फिरवून गाडून घेतो. उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. उन्हाळ्यात टेकडीला आग लागली तरी मातीत शिरलेला दाणा बचावतो. हे सगळे मला ठाऊक होते, पण पाण्याच्या एका थेंबाने ते पाहायला मिळणे ही गोष्ट वेगळी आहे. हेच टोक मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरते आणि गुरांच्या तोंडाला जखमा करते, म्हणून कोवळे असताना उत्तम चारा असलेले हे गवत कुसळ धरल्यावर गुराखी टाळतात. पाहुण्यांनीही टाळावे, लांब विजार, जाड मोजे आणि घोट्यावर येणारे बूट घातल्याशिवाय जाऊ नये. आयोजक ही सूचना देत नाहीत. माझ्या मोज्यांतून निघालेली कुसळे वेचायला घरी अर्धा तास लागला.

फुलांच्या बाबतीत ही फेरी थोडक्यात आटोपते आणि ते योग्यच आहे, कारण सह्याद्रीच्या सड्यांसारखा रंगांचा गालिचा येथे नसतो. विष्णुकांतेची निळी टिकली, केन्याची दोन पाकळ्यांची निळाई, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि ओहळाच्या काठाला तेरडा, एवढे दिसले. काळ्या मुसळीची पाने दिसली, पण तिची पिवळी फुले पावसाच्या सुरुवातीलाच येऊन जातात. उतारावर सालई आणि धावडा तुरळक उभे आहेत, पायथ्याला हिवर आणि बोरी आहेत, आणि त्यांच्या मध्ये गवताला मोकळे आकाश आहे; ही झाडांची विरळाई टेकडीचे दुखणे नव्हे, तोच तिचा स्वभाव आहे. पाठीमागच्या उतारावर कोणे एके काळी, टेकडी 'पडीक' आहे असे समजून, कुठल्याशा योजनेतून गिरीपुष्पाची दाट लागवड करण्यात आली. तेथे आता सावलीत शेडा नाही, मारवेल नाही, खाली नुसती रानतुळस माजली आहे. बाबांनी आम्हाला तेथेही नेले आणि काही न बोलता दोन मिनिटे उभे केले.

गाजरगवताशी गावाची झुंज चालू आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलेले हे परदेशी तण आज आमच्या प्रत्येक बांधावर आहे, पण टेकडीच्या राखलेल्या भागात मला ते पायवाटेच्या कडेलाच काय ते दिसले. फूल येण्याआधी बचत गटाच्या बाया हातमोजे घालून ते उपटतात, आणि त्या मजुरीचा काही भाग पाहुण्यांच्या शुल्कातून दिला जातो, असे जेवताना कळले. ही गोष्ट पत्रकावर छापायला हवी होती.

पक्ष्यांसाठी ही वेळ संधिकालाची असते. पावसाळी पक्ष्यांची गडबड ओसरलेली असते आणि हिवाळी पाहुणे नुकते पोचू लागलेले असतात. डोंबारी चंडोलाचा नर आकाशात चढून, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळत होता आणि जमिनीपासून हातभरावर पुन्हा सावरत होता. त्याला हे नाव कोणी दिले असेल त्याने डोंबाऱ्याचा खेळ नक्की पाहिलेला असणार. माळटिटवी आणि खाटीक दिसले. उत्तरेकडून येणारा भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून, माणसाच्या छातीइतक्या उंचीने, एकही पंख न हलवता तरंगत गेला. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात आमच्याकडे नाकतोड्यांवर मोठ्या प्रमाणात जगतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच गटाने मुक्काम करतात. त्यामुळे दिवाळीनंतर टेकडीचे सगळे गवत एकाच वेळी कापले, तर त्यांची झोपण्याची जागाच जाते. गावाने माथ्यालगतचा एक पट्टा दरवर्षी न कापता ठेवण्याचा जो नियम केला आहे, त्याचे एक कारण हे आहे.

आता त्या पक्ष्याविषयी, ज्याच्यासाठी गावाचे नाव झाकले. तणमोर हा कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात त्याचा नर गवतातून सरळ वर उडी घेतो, क्षणभर पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात बुडतो, आणि मादीला आपली जागा कळवण्यासाठी हे तो दिवसभरात शेकडो वेळा करतो. याच उड्यांमुळे तो पूर्वी बंदुकीला सोपा सापडला, आणि पुढे गवताळ माळच नांगराखाली गेल्यामुळे उरलासुरलाही हटला. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' गणला जातो. आमच्या गटातील कॅमेरेवाल्या तरुणाने बाबांना विचारले की तणमोर कोठे दिसतो, जास्तीचे पैसे देतो. बाबांनी उत्तर दिले, "हंगाम सरला भाऊ. अन् हंगाम असता तरी नेलं नसतं." अंडी जमिनीवर असतात, माणसांची पायवाट पडली की कोल्ह्याला आणि मुंगसाला तीच वाट सापडते, एवढे स्पष्टीकरण देऊन त्यांनी विषय संपवला. पर्यटनाच्या धंद्यात ग्राहकाला नाही म्हणणारा वाटाडा मला फार क्वचित भेटला आहे. साडेतीनपैकी एक पूर्ण गुण या एका नकाराचा आहे, असे समजण्यास माझी हरकत नाही.

पायथ्याशी गावाने 'चराईबंदी क्षेत्र' असा मोठा फलक लावला आहे, आणि त्याच्याविषयी मात्र माझे व बाबांचे मत सारखेच प्रतिकूल निघाले. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत बंदीची गरज होती, कारण टेकडी खरवडून निघाली होती. पण कायमची बंदी घातली तर जुने गवत वाळून साचते, नव्या फुटव्याला ऊन मिळत नाही आणि आग लागली तर ती आवरत नाही. अशाच चुकीची एक परकी कथा मी वर्गात सांगत असतो. इंग्लंडच्या दक्षिण भागातील चुनखडीच्या टेकड्यांवर मेंढ्यांनी शतकानुशतके कुरतडलेले आखूड गवत असते, आणि तशा गवतावर 'लार्ज ब्लू' नावाचे निळे फुलपाखरू जगत होते. त्याची अळी आधी थाइम या सुगंधी वनस्पतीवर वाढते आणि नंतर एका विशिष्ट तांबड्या मुंगीच्या वारुळात नेली जाऊन तिची पिल्ले खाऊन मोठी होते. चराई कमी झाली, १९५० च्या दशकात साथीने ससे मेले, गवत काही बोटांनी उंच वाढले, त्याच्या सावलीत जमीन थंड झाली, ती ऊबप्रिय मुंगी निघून गेली, आणि १९७९ साली ब्रिटनमधून ते फुलपाखरू नाहीसे झाले. कारण नेमके कळल्यावर चराई पुन्हा बसवण्यात आली आणि १९८३ पासून स्वीडनमधून आणलेल्या वंशातून ते परत रुजवले गेले. आमच्या काळ्या दगडाच्या टेकडीला ते उदाहरण जसेच्या तसे लावता येणार नाही, मोसमी पावसाचे गणितच निराळे आहे. पण बाबांनी हे ऐकून मान डोलावली आणि सांगितले की टेकडीचे तीन भाग करून आळीपाळीने गुरे सोडावीत, असे ते दोन वर्षांपासून ग्रामसभेत मांडत आहेत. फलक मात्र पाहुण्यांच्या छायाचित्रांसाठी सोयीचा आहे.

आणि आता जीप. पायी फेरी नऊच्या सुमारास संपल्यावर आम्हाला त्या वाहनात बसवण्यात आले, कारण 'सफारी' हा शुल्काचा भाग होता. काळवीट आम्ही माथ्यावरून आधीच पाहिले होते: पायथ्याच्या पलीकडे, सोयाबीन पिवळे पडू लागले होते त्या शेतांच्या कडेला अकरा जणांचा कळप, त्यात एक पूर्ण काळा नर मान मागे टाकून, मळसूत्री शिंगे पाठीला टेकवून माद्यांभोवती संथ चालत होता. तेच दृश्य पुरेसे होते. बाबांनी येताना वाटेवर एका नराने लेंड्या टाकून टाकून केलेला ढीग दाखवला होता आणि ही त्याची चतुःसीमा आहे, हेही समजावले होते. जीपचालक तरुणाने मात्र कळप दिसताच गाडी मळलेल्या चाकोरीतून काढून थेट गवतात घातली. कळप पळाला, त्याने पाठलाग केला, कॅमेरे खणखणले आणि माद्या एकामागून एक उंच उड्या घेत शेताच्या पार गेल्या; पत्रकावरील छायाचित्र कसे निघाले असेल, ते तेव्हा मला उमगले. काळविटाची मादी पिल्लाला पहिले काही दिवस गवतात दडवून ठेवते आणि ते पिल्लू धोका आला तरी हलत नाही, जमिनीला चिकटून पडून राहते. त्याच गवतातून चाके जात होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्राण्याला असे पळवणे हा गुन्हा आहे, हे मी चालकाला सांगितले, तेव्हा तो संकोचून म्हणाला, "काका, लोकायले जवळून पाहाचं असते, आम्ही काय करू?" त्याचा दोष मी त्याच्या एकट्याच्या माथी मारत नाही. 'सफारी' हा शब्द छापला की त्यामागून गाडी येते आणि गाडीमागून पाठलाग येतो. मामा मात्र खाली उतरले आणि उरलेला दीड किलोमीटर पायी आले.

माहितीफलकांविषयी दोन शब्द पुरेत. एकूण सहा फलक आहेत; एकावर मारवेलाच्या नावाखाली हरळीचे चित्र आहे, दुसऱ्यावर बिबट्याचे चित्र आहे, जो या टेकडीवर कोणी पाहिलेला नाही, आणि गवतांची स्थानिक नावे फक्त एका फलकावर आहेत. बाबांच्या तोंडी जे आहे ते लिहून काढले तरी यापेक्षा पन्नासपट चांगले फलक होतील.

जेवण बचत गटाच्या बाया रांधतात आणि त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठले, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा आणि ताक, असा साधा बेत होता. वाढणाऱ्या बाईंनी माझ्या पत्नीला, "ताई, अजून अर्धी घ्या, टेकडी चढून आल्या ना," असा आग्रह केला आणि तो मोडवला नाही. पिण्याचे पाणी गाळलेले होते. स्वच्छतागृह एकच आहे व ते ग्रामपंचायतीच्या इमारतीत आहे, त्यामुळे पहाटे त्यापुढे रांग लागते. वयस्कर मंडळींनी हे लक्षात घ्यावे. आगाऊ रक्कम मोबाइलवरून पाठवल्यावर पावती मागूनही मिळाली नाही, आणि उरलेले पैसे रोखीने दिल्यावरही मिळाली नाही.

हंगामाविषयी सांगायचे तर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गवत ओळखायला सर्वांत सोपे असते, कारण त्याच काळात कणसे येतात. पुढे कार्तिकात कापणी चालते आणि आग पसरू नये म्हणून जाळरेषा काढतात. ज्यांना विळा चालवता येतो त्यांना त्या दिवसांत शुल्क न घेता कापणीला सामील करून घेतात, असे बाबांनी सांगितले आणि मामांनी तेथल्या तेथे नाव नोंदवले. फेब्रुवारीनंतर मात्र जाऊ नये. तेव्हा पाहण्यासारखे फार थोडे उरते आणि ऊन असह्य होते. लहान मुलांना अवश्य न्यावे, पण बाबांच्या गटात.

परत येण्यापूर्वी मी बचत गटाच्या अध्यक्षबाईंना जीपविषयी स्पष्ट बोललो. त्यांनी ऐकून घेतले, वाद घातला नाही, आणि इतके मान्य केले की यापुढे कोणी आधी सांगितले तर पूर्ण चार तास पायी फेरी देऊ. तेव्हा नोंदणी करताना 'जीप नको, बाबांबरोबर पायी' असे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. शुल्क तेवढेच पडते.